सकळ लिपी ते प्रकाशकण : किल्ली पोचवायची कशी?

बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदाकाठी पांचाळेश्वर आहे. महानुभाव पंथीयांचं हे आत्मतीर्थ. गुप्त लेखनाचा विचार आपण इथूनच सुरू करू, कारण या पंथानं आपले ग्रंथ शतकानुशतकं सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राखले. नेहमीच्या अक्षरांच्या जागी ठरवलेली दुसरी चिन्हं, आणि ती वाचायची कशी हे पंथाबाहेर सांगायचं नाही. युक्ती साधी, पण टिकली किती! विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी तिचा उलगडा केला, तेव्हा एखादी पोथी नव्हे, त्या लिपीतल्या सगळ्याच पोथ्या वाचता येऊ लागल्या. (अभ्यासकांचं ते भाग्यच, पंथीयांना काय वाटलं असेल, तो विषय वेगळा.)

म्हणजे नुसती पद्धत लपवून भागत नाही. पद्धत जगजाहीर असली तरी चालावी, किल्ली तेवढी गुप्त असावी आणि ती बदलत राहावी. पण ती दूरच्या माणसाकडे पोचवायची कशी? वाटेत कोणी नक्कल केली तर कळणार कसं?

१९८४ मध्ये बेनेट आणि ब्रासार्ड यांनी प्रकाशकणांच्या चार अवस्था वापरून उत्तर दिलं. तिऱ्हाइतानं वाटेत मोजमाप केलं की अवस्था बिघडतात, चुका वाढतात, चोरी उघडी पडते. कागदावर सुंदर, यंत्रात खर्चिक. म्हणून सोपं करायची खटपट सुरू झाली. १९९२ मध्ये बेनेट यांनीच दाखवलं की तत्त्वतः दोन अवस्था पुरतात. फक्त त्या दर वेळी खात्रीनं ओळखता येणाऱ्या नकोत. इथे गोम आहे. लांबच्या तारेत बरेच कण हरवतातच. चोर खात्रीनं ओळखता आले तेवढेच पुढे धाडतो, बाकीचे गिळतो, आणि दोष जातो तारेवर! काटकसर नडते ती अशी. तीन अवस्थांचं मात्र जमलं. एरवी जुळत नाहीत म्हणून टाकून दिलेली मापनंही हिशेबात घेतली, तर चौथीवाचून काही अडत नाही, हे तामाकी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. टाकाऊतून पहारेकरी उभा केला. आम्हाला हे फार आवडतं.

एक गोष्ट मात्र यातल्या कोणालाच वगळता आली नाही. सकळ लिपी शिकवण्याआधी शिकणारा आपला आहे हे ओळखावं लागे, तसंच इथेही. मापनांची पडताळणी दोघं उघड्या वाटेनं करतात. तिथे पलीकडे तोच माणूस आहे, हे आधी ठरलेल्या लहानशा गुपितावरून किंवा भरवशाच्या ओळखीवरून पटवावं लागतं. नाहीतर चोर मधे बसून दोघांशी दोन वेगळ्या किल्ल्या ठरवतो, आणि चुकांचं प्रमाण दोन्ही टोकांना अगदी नेहमीसारखंच दिसतं.