लोकापवाद, प्रबोधनकालीन साहित्यातील
खोट्या आळामुळे होणारा अब्रूचा नाश हा यूरोपीय प्रबोधनकालीन साहित्यातील एक प्रमुख विषय. आरिओस्तोच्या ‘ओरलांदो फ्युरिओसो’ (१५१६) या इटालियन महाकाव्यात दासीला राजकन्येच्या वेशात सज्जावर उभे करून राजकन्येच्या शीलावर डाग लावला जातो. याच जातीचा डाव शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये (प्रकाशन १६००) येतो. तेथे हीरो नावाच्या निर्दोष तरुणीला तिचा वाग्दत्त वर ऐन लग्नाच्या वेळी चर्चमध्ये झिडकारतो आणि तिचा जन्मदाताही तो आरोप खरा मानतो. सारे नाटक सुखान्त असूनही हा प्रवेश विसरता येत नाही. शेक्सपिअरच्याच ‘ऑथेल्लो’ या शोकात्मिकेत मात्र सुटका नाही. खलनायक इयागो थेट आरोप क्वचितच करतो. अर्धवट वाक्ये, सूचक मौन आणि एक हातरुमाल एवढ्यावर ऑथेल्लोची पत्नी डेस्डिमोना हिचा बळी जातो. गो. ब. देवल यांनी या नाटकाचे ‘झुंजारराव’ हे मराठी रूपांतर केले. इंग्रज कवी स्पेन्सरने ‘द फेअरी क्वीन’ या काव्याच्या सहाव्या खंडात (१५९६) निंदेला अनेक जिभांच्या श्वापदाचे रूप दिले. कॅलिडोर हा सरदार त्याला जेरबंद करतो, पण पुढे ते साखळी तोडून निसटते आणि कवींनाही चावत सुटते.