माशी, मासा आणि बांबू

बांबूला आपल्याकडे प्रतिष्ठा म्हणून नाही. जन्मल्यावर आपल्याला ठेवतात ते सूप बांबूचं आणि शेवटी बांधतात ती तिरडीही बांबूचीच. मधल्या काळात मांडव, शिडी, करंडी आणि पोलिसांची लाठी या रूपांनी त्याची भेट होतच असते. एवढी जन्मभराची सोबत करूनही कोणाची फजिती झाली, की आपण म्हणतो, 'बांबू बसला!' कृतघ्नपणाला काही सीमा?

तिकडे अमेरिकेत मात्र याच बांबूची एक काठी करायला शहाणीसुरती माणसं चाळीस-पन्नास तास खपतात. आणि काठी कशासाठी? तर मासे पकडण्यासाठी!

अर्थात हा गळ साधा नव्हे. आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात किंवा कणकेची गोळी. ट्राउट माशाचे शौकीन साहेब लोक आकड्याला पिसं आणि रेशीम गुंडाळून खोटी माशी तयार करतात. आम्ही कचेरीत माशा मारतो, साहेब माशीने मासा मारतो. देशांच्या प्रगतीत फरक पडतो तो असा. आता पिसाच्या माशीला वजन ते काय असणार? ती फेकली तर आपल्याच टोपीत अडकायची. म्हणून फेकायची ती जाडसर दोरी, आणि माशीने तिच्यामागून वरातीतल्या लांबच्या नातेवाइकासारखं गुपचूप जायचं. हे साधायला काठी टोकापासून मुठीपर्यंत क्रमाक्रमाने वाकली पाहिजे आणि लगेच सरळही झाली पाहिजे. वाकून लगेच सरळ होणं किती अवघड असतं, हे नोकरी करणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पूर्वी या काठ्या भरीव लाकडाच्या असत. १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिप नावाचा एक बंदुका घडवणारा कारागीर होता. हा गृहस्थ फावल्या वेळात व्हायोलिनंही करी. त्याने बांबू उभा चिरला, त्याच्या पट्ट्या तासल्या आणि त्या एकमेकींना चिकटवून काठी बनवली. यासाठी बांबू कुठून आणला असेल? कलकत्त्याहून! तिकडच्या जुन्या लिखाणात 'कलकत्ता केन' म्हणून त्याचा आदराने उल्लेख असतो. म्हणजे कच्चा माल आपण पाठवायचा आणि पक्क्या मालाकडे तोंड वासून बघायचं, हा प्रकार काही कापसापुरताच नव्हता.

या काठीची करणी ऐकण्यासारखी आहे. बांबूची सगळी ताकद असते सालीलगतच्या धाग्यांत. आतला गर नुसताच भरतीचा. (काही कचेऱ्यांत हे नेमकं उलटं असतं.) म्हणून तासायचं ते फक्त आतून, सालीला रंध्याचं पातं लागता कामा नये. अशा सहा पट्ट्या, प्रत्येकीचा छेद त्रिकोणी, प्रत्येक कोन साठ अंशांचा. सहा जणी पाठीला पाठ लावून बसल्या की षट्कोन तयार. पेरं एकाच जागी आली तर काठी तिथेच मोडायची, म्हणून ती भिंतीतल्या विटांच्या सांध्यांसारखी मागेपुढे करायची. मग पट्ट्या भाजून ओल घालवायची. तासण्यासाठी पोलादी पट्ट्यांचा साचा असतो. त्यातली खाच एका टोकाकडून दुसरीकडे उथळ होत जाते, आणि तिचं माप स्क्रू पिळून ठरवायचं. त्या खाचेत बांबू ठेवायचा आणि रंधा मारत राहायचा. टोकाशी पोचल्यावर अख्खी काठी आगपेटीतल्या काडीपेक्षाही बारीक होते, आणि तेवढ्यातही त्या सहा जणी असतात! मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्यांनाही एवढं जमलेलं नाही.

चूक चालते ती इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत. माणसाचा केस याच्या तिप्पट जाड असतो. संध्याकाळी रोख मोजताना पाच रुपये कमी आले, तर मी शिपायाला हाक मारतो, टेबलाखाली बघतो आणि शेवटी खिशात हात घालतो. इथे खिशात हात घालून भागत नाही. पट्टी फेकून द्यावी लागते.

एवढं कौशल्य आलं, की मागोमाग कुलूप येतं. मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने १८७० च्या दशकात या पट्ट्या कापण्याचं यंत्र बनवलं आणि ते कुलूपबंद खोलीत ठेवलं. आपल्याकडे नाही का, एखादी मामी गोड्या मसाल्याची कृती मोठ्या मनाने सांगते, पण नेमका एक जिन्नस गाळते, तशातलाच प्रकार. पण १८९० च्या सुमारास थॉमस, एडवर्ड्स आणि पेन हे त्याचेच कसबी कामगार बाहेर पडले आणि त्यांनी आपला संसार थाटला. कुलूप खोलीला घालता येतं. माणसाच्या डोक्याला घालण्याची सोय नाही.

पुढे कलकत्त्याचा बांबू मागे पडला आणि 'टाँकिन' बांबू आला. टाँकिन हा व्हिएतनामचा भाग. बांबू मात्र चीनच्या क्वांगतुंग प्रांतातला. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली आणि वर्षानुवर्षं कोणी तक्रारच केली नाही, त्यातली गत. मॅक्लुअर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ साली त्याचं शास्त्रीय नामकरण करताना 'अमाबिलिस' शब्द घातला. अर्थ काय, तर प्रेम करावं असा! बांबूला असं म्हणणारा माणूस मला तरी दुसरा आढळला नाही.

पण प्रेमात राजकारण आलंच. कोरियाच्या युद्धात १९५० साली अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. बांबू येईना. फायबर ग्लासच्या स्वस्त काठ्या तोवर आलेल्याच होत्या. १९७१ मध्ये बंदी उठली, तेव्हा बांबूच्या बहुतेक कारखान्यांचा बाजार उठलेला होता. थोडे जुने कारागीर उरले होते, आणि त्यांच्यातल्या कित्येकांची विद्या त्यांच्याबरोबरच जायची होती.

यातून वाट काढली एव्हरेट गॅरिसनने. हा न्यूयॉर्ककडचा इंजिनिअर. योंकर्सच्या डॉक्टर होल्डनना काठ्या करताना बघून त्याला हा नाद लागला आणि मंदीच्या काळात तो त्यात पुरता बुडाला. पुलाच्या तुळईचा हिशेब मांडावा तसा त्याने काठीवरच्या ताणाचा हिशेब मांडला. चाळीसएक वर्षं खपून काठ्या केल्या त्या काही शे. म्हातारपणी त्याच्याकडे एक तरुण आला, होगी कारमायकेल. 'स्टारडस्ट'च्या संगीतकाराचा मुलगा. गॅरिसनने त्याला मापं, साचे, गोंद, भट्टी, सगळं सांगितलं. एक जिन्नससुद्धा गाळला नाही. तरुणाने त्याच्या कामाचा चित्रपट केला आणि पुस्तक लिहायला घेतलं. १९७५ मध्ये गॅरिसन गेला. पुस्तक आलं १९७७ साली. ते त्याने छापलेलं पाहिलं नाही. पण ते समोर उघडं ठेवून कितीतरी डॉक्टर, मास्तर आणि पेन्शनर आपापल्या गॅरेजमध्ये बांबू तासायला लागले. क्वांगतुंगचा बांबू अजूनही त्यांच्यासाठी बोटीत चढतो.

हा सगळा इतिहास मी आमच्या कॅशियरना सांगितला. ते मालवणचे. मासा या विषयात त्यांचा शब्द आमच्या शाखेत अखेरचा. नोटा मोजता मोजता त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी मी म्हणालो, "आणि एवढं करून धरलेला मासा यातले बरेच जण पुन्हा पाण्यात सोडून देतात."

कॅशियरांचा हात शंभराच्या बंडलावर थांबला.

"मगे ते शिजयतत काय?" त्यांनी विचारलं. "काठी?"