नेतृत्वविचार, ख्रिस्ती (पहिला ग्रेगरी)

धर्माधिकार, गर्व व ईश्वराज्ञापालन यांच्या परस्परसंबंधांविषयी ख्रिस्ती परंपरेत झालेला विचार. पश्चिमी ख्रिस्ती जगात त्याला सुव्यवस्थित रूप दिले ते पोप पहिला ग्रेगरी (सु. ५४०–६०४, कार. ५९०–६०४) याने. या विचाराची बीजे बायबलमध्ये आहेत. जुन्या करारातील शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात इझ्राएलचा पहिला राजा शौल याची कथा येते. अमालेकी लोकांवरील विजयानंतर शौलने ईश्वराची आज्ञा मोडून उत्तम गुरेमेंढरे राखून ठेवली आणि ती यज्ञासाठी राखल्याचा बचाव केला. तेव्हा यज्ञापेक्षा आज्ञापालन श्रेष्ठ असल्याचे सांगून शमुवेलने त्याचे राजपद ईश्वराने नाकारल्याचे घोषित केले. नव्या करारात येशू ख्रिस्त स्वतः शिष्यांचे पाय धुतो आणि श्रेष्ठत्व इच्छिणाऱ्याने सेवक व्हावे, अशी शिकवण देतो. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला रोमन साम्राज्यात राजाश्रय मिळाला. बिशपांच्या हाती संपत्ती, न्यायदान व लौकिक प्रतिष्ठा आली आणि सेवकाने सत्ता कशी वापरावी, हा प्रश्न प्रत्यक्ष व्यवहाराचा बनला.

ग्रेगरीचा जन्म रोम येथे एका श्रीमंत सरदार घराण्यात झाला. ५७३ च्या सुमारास तो रोमचा प्रीफेक्ट, म्हणजे नगराचा सर्वोच्च मुलकी अधिकारी, होता. त्यानंतर लवकरच त्याने ते पद सोडले, सीलिअन टेकडीवरील वडिलोपार्जित वाड्याचे सेंट अँड्रूच्या मठात रूपांतर केले व तो तेथे मठवासी झाला. सिसिलीतील कौटुंबिक जमिनींवर त्याने सहा मठ स्थापन केले. परंतु एकांतवास त्याला फार काळ लाभला नाही. पोपने त्याला डीकन करून ५७९ च्या सुमारास काँस्टँटिनोपलच्या बायझंटिन दरबारी आपला प्रतिनिधी म्हणून पाठविले. ५८९ च्या अखेरीस टायबर नदीला महापूर आला, पाठोपाठ प्लेगची साथ पसरली आणि ५९० च्या प्रारंभी पोप दुसरा पिलेजिअस तीत मरण पावला. लोकांनी व धर्मगुरूंनी ग्रेगरीची निवड केली. ती टाळण्याचा त्याने प्रयत्न केला. निवडीस संमती देऊ नये, असे पत्र त्याने सम्राट मॉरिसला लिहिले होते. पण ते नगराधिकाऱ्याने वाटेतच अडविले, असे समकालीन इतिहासकार तूरचा ग्रेगरी सांगतो. ३ सप्टेंबर ५९० रोजी तो पोपपदावर आरूढ झाला.

पाळकाचा नियम : पद स्वीकारण्यास आपण का कचरलो, याचे स्पष्टीकरण म्हणून ग्रेगरीने रेग्युला पास्टोरालिस (पाळकाचा नियम) हा ग्रंथ लिहिला. त्याचे चार भाग आहेत. अधिकारपदावर कोणी यावे, अधिकाऱ्याचे आचरण कसे असावे आणि निरनिराळ्या स्वभावांच्या व स्थितींतील लोकांना उपदेश कसा करावा, हे पहिल्या तीन भागांचे विषय होत. तिसरा भाग सर्वांत विस्तृत असून त्यात गरीब व श्रीमंत, नम्र व गर्विष्ठ, उतावळे व सहनशील अशा परस्परविरोधी जोड्यांनुसार उपदेशाच्या पद्धती सांगितल्या आहेत. चौथा भाग अवघ्या एका प्रकरणाचा आहे. उत्तम उपदेश करणाऱ्यालाच आपल्या यशाचा गर्व होतो, म्हणून त्याने शेवटी स्वतःकडे वळून आपल्या उणिवा पाहाव्यात, असे तो सांगतो.

गर्वाचे बीज पदात नसून पदामुळे भोवती जमणाऱ्या स्तुतीत असते, हे ग्रेगरीचे महत्त्वाचे निरीक्षण होय. हाताखालचे लोक चूक दाखवून देत नाहीत. त्यामुळे आपण सर्वांहून अधिक शहाणे आहोत, असे अधिकाऱ्याला वाटू लागते. स्वतःच्या दृष्टीने क्षुद्र असेपर्यंत योग्य असलेला शौल सत्ता मिळताच बिघडला, हे उदाहरण त्याने या संदर्भात दिले आहे. सर्व माणसे स्वभावतः समान आहेत. अधिकाऱ्याने आपला दर्जा न पाहता ही समानता पाहावी आणि माणसांवर सत्ता गाजविण्यात नव्हे, तर त्यांचे हित करण्यात आनंद मानावा, असे त्याचे प्रतिपादन आहे. मात्र दोष दिसत असता नम्रतेच्या नावाखाली मौन पाळणे, हाही त्याच्या मते अधिकाऱ्याचा अपराधच होय.

नम्रता व आज्ञापालन : पदापासून दूर पळणे म्हणजे नम्रता, असे मात्र ग्रेगरी मानीत नाही. स्वतः पद टाळू पाहणाऱ्याच्या लेखनात हा विचार विशेष लक्षणीय ठरतो. यशया संदेष्ट्याने ईश्वरी कार्यासाठी स्वतःला पुढे केले, तर यिर्मयाने आपली असमर्थता सांगितली. दोघांच्याही मुळाशी प्रेमच होते, असे तो म्हणतो. मोशेविषयीचे त्याचे विवेचन अधिक नेमके आहे. असंख्य लोकांचे नेतृत्व न कचरता पत्करणे जसे गर्वाचे ठरले असते, तसेच ईश्वराची आज्ञा झाल्यावर ते नाकारणेही गर्वाचेच ठरले असते. म्हणजे स्वतःला अपात्र समजणे ही नम्रतेची पहिली पायरी होय. ईश्वरेच्छा स्पष्ट झाल्यावर स्वतःचे ते मतही बाजूला ठेवणे, ही तिची खरी कसोटी होय.

ईयोबच्या ग्रंथावरील ३५ खंडांच्या मोरालिआ या भाष्यात त्याने या विचाराला तात्त्विक बैठक दिली. गर्व हे सर्व पापांचे मूळ मानून त्याने त्यापासून निघणारे सात प्रमुख दुर्गुण सांगितले. मध्ययुगातील ‘सात महापापां’ची कल्पना बऱ्याच अंशी या यादीवर आधारलेली आहे. यज्ञात दुसऱ्या जीवाचा बळी दिला जातो, तर आज्ञापालनात स्वतःच्या इच्छेचा, असे सांगून त्याने आज्ञापालनाचे श्रेष्ठत्व विशद केले आहे.

व्यवहारातील कसोटी : या तत्त्वांची कसोटी ग्रेगरीच्या कारकीर्दीत अनेकदा लागली. सैनिकांना मठप्रवेशाची बंदी करणारा मॉरिसचा कायदा त्याला अन्याय्य वाटला. ५९३ मध्ये त्याने तो आज्ञेप्रमाणे सर्वत्र प्रसृत केला आणि त्याच वेळी तो ईश्वरेच्छेविरुद्ध असल्याचे सम्राटाला स्पष्टपणे कळविले. काँस्टँटिनोपलचा पेट्रिआर्क (मुख्य धर्माधिपती) चौथा जॉन ‘वैश्विक’ हे बिरुद वापरीत असे. ५९५ मध्ये ग्रेगरीने त्यास तीव्र आक्षेप घेतला. एकाला वैश्विक म्हणणे म्हणजे इतर बिशपांचा अधिकार हिरावणे, असे त्याचे म्हणणे होते. ५९८ मध्ये ॲलेक्झांड्रियाच्या युलोजिअसने ग्रेगरीलाच ‘वैश्विक पोप’ म्हटले, तेव्हा त्याने ते संबोधन नाकारले. ‘ईश्वराच्या सेवकांचा सेवक’ ही उपाधी तो स्वतःसाठी वापरीत असे. त्याने इंग्लंडला पाठविलेल्या ऑगस्टीनच्या हातून चमत्कार घडत असल्याच्या वार्ता आल्या, तेव्हा ६०१ मध्ये त्याने त्याला त्यांमुळे गर्व होऊ न देण्याचा इशारा दिला.

ग्रेगरीचे वर्तन सर्वत्र निर्दोष होते, असे मात्र नाही. ६०२ मध्ये फोकसने बंड करून मॉरिस व त्याचे पाच पुत्र यांची हत्या केली. पुढील वर्षी ग्रेगरीने फोकसला लिहिलेल्या अभिनंदनपर पत्रातील स्तुती अनेक इतिहासकारांना खटकली आहे. अधिकाऱ्याभोवतीच्या स्तुतीचा धोका ओळखणाऱ्यानेच ती केली होती. लाँबर्डांच्या आक्रमणांनी वेढलेल्या रोमला सम्राटाच्या साहाय्याची गरज होती, तसेच राजसत्ता ईश्वराच्या अनुज्ञेने लाभते, अशी त्याची श्रद्धा होती, या दोन गोष्टी तिचे स्पष्टीकरण करू शकतात, समर्थन नव्हे. १२ मार्च ६०४ रोजी रोम येथे तो मरण पावला.

प्रभाव : पाळकाच्या नियमाचे ग्रीक भाषांतर ग्रेगरीच्या हयातीतच झाले. नवव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने ते जुन्या इंग्रजीत आणून आपल्या राज्यातील बिशपांकडे पाठविले. मठवासीयांसाठी सेंट बेनेडिक्टचा नियम, तसा धर्माधिकाऱ्यांसाठी हा ग्रंथ मध्ययुगात प्रमाण मानला गेला. ‘सेवकांचा सेवक’ ही उपाधी पुढील पोपांनी स्वीकारली. तथापि तिच्यामागील वृत्ती सदैव टिकली नाही. सातव्या ग्रेगरीच्या १०७५ मधील विधानसंग्रहात केवळ रोमच्या बिशपालाच ‘वैश्विक’ म्हणता येते, असे एक कलम आहे. उलट सोळाव्या शतकात धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन याने पोपच्या सर्वाधिकाराविरुद्ध पहिल्या ग्रेगरीच्याच पत्रांचा आधार घेतला. नेतृत्वाच्या अधिकाराचे समर्थन आणि त्या अधिकाराची मर्यादा, या दोहोंसाठी त्याचे लेखन अशा रीतीने ख्रिस्ती परंपरेत आधारभूत ठरले आहे.