एकच काटा, अनेक ट्रॅक्टर : लिनक्स आणि अनेक प्रोसेसर

वाशिम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं. त्यामुळे मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांना आपण हक्कानं आपल्याकडचे म्हणतो. अमेरिकेनं क्रे महासंगणक देताना आडकाठी घातली, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' आला. एकच अफाट प्रोसेसर बनवत बसण्यापेक्षा ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर त्यांनी एकत्र जुंपले. पण जुंपलं म्हणजे झालं नाही. कुणी काय ओढायचं हे सांगणारं 'पारस' हे सॉफ्टवेअरही सी-डॅकला स्वतःच लिहावं लागलं.

योगायोग बघा, त्याच १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्सचा कोड सगळ्यांसाठी ठेवला. तो होता एका प्रोसेसरच्या साध्या पीसीसाठी. अनेक प्रोसेसर चालवण्याची सोय जून १९९६ मध्ये, २.० या आवृत्तीत आली. त्यामागचं सुरुवातीचं बरंचसं काम अॅलन कॉक्स यांचं.

पण ती सोय कशी होती? सोयाबीनच्या हंगामात आपल्या बाजार समितीत ट्रॅक्टर पन्नास आणि काटा एकच असला तर जे होईल, ते. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. त्याला एकच मोठं कुलूप. नुसती आकडेमोड ज्यानं त्यानं आपापली करावी, पण फाइल वाचायची, नेटवर्कवर काही पाठवायचं, की लागा रांगेत! मग पुढच्या आवृत्त्यांत या कुलपाची छोटी छोटी कुलपं करत गेले. ऐकायला सोपं वाटतं. कुलूप चुकीच्या जागी काढलं तर दोघं एकाच नोंदीवर लिहितात. चुकीच्या क्रमानं लावलं तर दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे अडकतात. त्या मोठ्या कुलपाचा शेवटचा तुकडा निघायला मे २०११ उजाडला.

मधल्या काळात, नोव्हेंबर २००७ मध्ये, पुण्यातला टाटांचा 'एका' महासंगणक जगात चौथा आला. तो लिनक्सवरच चालत होता.

आता आमची गोष्ट. २००३ च्या सुमारास आम्ही चार मित्रांनी वर्गणी काढून दोन प्रोसेसरचा जुना सर्व्हर वाशिमला आणला. दुकानदारानं त्यात विंडोज ९८ टाकून दिलं होतं. ते दुसऱ्या प्रोसेसरला ओळखतच नव्हतं, आणि 'दुसरा बिघडलाय' असं तो ठामपणे सांगत होता. अर्धे पैसे पाण्यात गेले, असंच आम्ही धरून चाललो. मग लिनक्स टाकलं. सुरू होताना प्रत्येक प्रोसेसरमागे एक पेंग्विन दिसतो म्हणे. आम्हाला एकच दिसला. त्या कर्नलमध्ये अनेक प्रोसेसरचा पर्यायच चालू नव्हता. तो चालू करून कर्नल नव्यानं बांधायला घेतलं, तर भारनियमनानं दोनदा घात केला. तिसऱ्या रात्री बांधून झालं, आणि पडद्यावर दोन पेंग्विन शेजारी शेजारी उभे!

लगेच तेच कर्नल पुन्हा बांधून पाहिलं, या वेळी दोघांना कामाला लावून. वेळ निम्मा होईल असं वाटलं होतं. तेवढा झाला नाही; डिस्क एकच होती ना.