आधी शिक्षक, मग न्यायाधीश

ज्या हिब्रू शब्दाचे आपण ‘नियमशास्त्र’ असे भाषांतर करतो, त्या ‘तोराह’ शब्दाचा मूळ अर्थ ‘शिकवण’ असा आहे. प्राचीन इस्राएलात न्यायदान व धर्मशिक्षण यांची फारकत का नव्हती, याचे मर्म या एका शब्दात आहे.

इ. स. पूर्व ९ व्या शतकातील यहूदाचा राजा यहोशाफाट याचेच उदाहरण घ्या. बायबलमधील ‘इतिहास’ या ग्रंथानुसार, कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी त्याने ५ सरदार, ९ लेवी व २ याजक नियमशास्त्राचा ग्रंथ देऊन नगरोनगरी शिकविण्यास धाडले. तटबंदीच्या नगरांत न्यायाधीश नेमल्याचे वर्णन येते ते त्यानंतर. तुम्ही न्याय करता तो मनुष्याच्या नव्हे, परमेश्वराच्या वतीने. तेव्हा पक्षपात व लाच वर्ज्य समजा, अशी त्यांना ताकीद होती. वादग्रस्त प्रकरणांसाठी यरुशलेमेत लेवी, याजक व कुलप्रमुख यांचे न्यायासन होते.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. ज्याला कायदा ठाऊक नाही, तो न्यायाधीशाच्या मर्जीवर जगतो. ज्याला तो ठाऊक आहे, त्याला अन्याय ओळखता येतो. म्हणूनच दर सातव्या वर्षी, मांडवांच्या सणात, सर्व लोकांना नियमशास्त्र वाचून दाखवावे, अशी आज्ञा होती. आणि त्या ‘सर्व लोकांत’ स्त्रिया, मुले व परदेशी उपरेही होते.