मोडणारी तलवार

हायरूल नावाच्या एका कल्पित राज्यात पाऊस कोसळत आहे. लिंक नावाचा तरुण वीर माळावर एका राक्षसाशी झुंजत आहे. राक्षस अर्धमेला झाला आहे. आणखी दोन वार, की काम फत्ते. इतक्यात पडद्यावर सूचना उमटते, की हातातील शस्त्र आता फार टिकणार नाही. आणि थोड्याच वेळात तलवारीच्या ठिकऱ्या उडून ती नाहीशी होते. लिंकच्या हाती तिची मूठदेखील उरत नाही.

‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ ह्या मालिकेतील ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा व्हिडिओ खेळ निन्टेंडो ह्या जपानी कंपनीने ३ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केला. त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि गेल्या काही दशकांतील उत्तम खेळांत त्याची गणना झाली. तथापि तलवार मोडण्याच्या ह्या एका गोष्टीवरून खेळाडूंमध्ये जी तट पडली ती आजही बुजलेली नाही. एका पक्षाचे म्हणणे असे, की कष्टाने मिळविलेली वस्तू पाच-पंचवीस वारांत नष्ट व्हावयाची असेल तर मिळविण्यात आनंद तो काय राहिला? दुसरा पक्ष म्हणतो, की तलवार कधीच मोडली नसती तर दुसरे कोणतेही शस्त्र खेळाडूने हाती धरलेच नसते. दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य आहे. परंतु हा वाद २०१७ साली जन्मलेला नाही. त्याला बराच इतिहास आहे, आणि तो इतिहास पाहिल्यावाचून निवाडा करणे बरे नव्हे.

प्रारंभीच्या खेळांत तलवार अभंग असे. १९८६ साली निघालेल्या पहिल्या ‘झेल्डा’ खेळात लिंकची तलवार कधी बोथट होत नाही, कधी मोडत नाही. ढाल गिळून टाकणारा एक विचित्र प्राणी त्यात होता खरा, पण ती चोरी झाली, झीज नव्हे. पुढे १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’ मध्ये रचनाकारांनी ह्या विषयावर एक विनोदच करून ठेवला. एक विक्रेता दोनशे रुपयांना, कारण हायरूलच्या नाण्याचे नावही ‘रुपी’ असेच आहे, एक अवजड तलवार विकतो. ती थोड्याच वारांत मोडते. खरी, न मोडणारी तलवार घडविणारा कारागीर डोंगरावर राहतो आणि ती त्याच्याकडून मिळविण्यास वस्तूंची लांबलचक देवाणघेवाण करावी लागते. दोनशे रुपयांत मिळते ते कसले असते, हे कोणत्याही बाजारात फसलेल्या गिऱ्हाइकास सांगावयास नको.

ह्या कल्पनेस शिस्तीचे रूप आले ते ‘फायर एम्ब्लेम’ मध्ये. २० एप्रिल १९९० रोजी जपानात प्रसिद्ध झालेला हा खेळ इंटेलिजंट सिस्टिम्स ह्या संस्थेने रचला, आणि त्याचा मुख्य कल्पक होता शोझो कागा. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींवर सैन्य हलवावयाचे. जो योद्धा पडला तो सहसा परत यावयाचा नाही. ह्या कठोर नियमाच्या जोडीला दुसरा नियम असा, की प्रत्येक शस्त्राचे वार मोजलेले. तलवार किती वेळा चालेल तो आकडा खेळाडूच्या डोळ्यांसमोर असतो. त्यामुळे तलवार अवचित मोडली असे होत नाही. मोडली तर ती सेनापतीच्या हिशेबातील चूक असते. चांगले शस्त्र आज साध्या शिपायावर खर्च करावे, की उद्याच्या किल्लेदारासाठी राखून ठेवावे, हा विचार प्रत्येक चालीला करावा लागतो. लढाई ही शौर्याइतकीच कोठाराची आणि खजिन्याचीही गोष्ट आहे, हे त्या आकड्याने जेवढे शिकविले तेवढे भल्यामोठ्या प्रस्तावनेने शिकविले नसते.

१९९६ साली ह्याच मालिकेत आलेल्या ‘जिनिऑलॉजी ऑफ द होली वॉर’ मध्ये कागाने आणखी सुंदर गोष्ट साधली. तेथे मोडलेले शस्त्र पैसे देऊन दुरुस्त करून घेता येते. ज्या शस्त्राने पन्नासांहून अधिक शत्रू पाडले ते उत्तरोत्तर अधिक घातक होत जाते. खेळाचा पूर्वार्ध बापाच्या पिढीचा आणि उत्तरार्ध मुलांच्या पिढीचा असल्यामुळे आईबापांची शस्त्रे मुलांच्या हाती येतात. म्हणजे झिजणे, सांधणे आणि वारसा ही तिन्ही एका तलवारीच्या चरित्रात आली. वस्तूवर माणसाचा जीव जडतो तो ती अविनाशी असते म्हणून नव्हे. तिची निगा राखावी लागते म्हणून. १९९९ च्या ‘थ्रेसिया ७७६’ मध्ये तर सैन्य इतके दरिद्री, की शत्रूला कैद करून त्याचीच शस्त्रे काढून घ्यावी लागतात. ज्या राजपुत्राची ही कथा आहे तो राज्यभ्रष्ट आहे, आणि त्याचे हे राज्यभ्रष्टपण निवेदनापेक्षा त्या रिकाम्या कोठारातून अधिक जाणवते.

पश्चिमेकडील खेळांत मात्र ही कल्पना वेगळ्या वाटेने गेली. ‘डायाब्लो’ ह्या अमेरिकन खेळात, जो १९९६ च्या अगदी अखेरीस निघाला, गावातील ग्रिसवोल्ड लोहार पैसे घेऊन शस्त्रे दुरुस्त करतो. दुरुस्तीस उशीर झाला तर वस्तू कायमची नष्ट. २००० सालच्या दुसऱ्या भागात ती केवळ निकामी होऊन पडून राहू लागली. येथपर्यंत कोणी फारशी कुरकुर केली नाही. कुरकुर झाली ती ऑगस्ट १९९९ मध्ये आलेल्या ‘सिस्टिम शॉक २’ ह्या खेळावर. अंतराळयानात एकटा अडकलेला सैनिक, भोवती भेसूर प्राणी, आणि हातातील पिस्तूल थोड्याच गोळ्यांनंतर बिघडते. भीती वाढविणे हा रचनाकारांचा हेतू होता आणि तो साधलाही. पण खऱ्या जगातील साधे पिस्तूल, निगा राखली तर, हजारो गोळ्या झाडते, आणि भविष्यकाळातील सैन्याचे शस्त्र त्याहून कुचके असावे हे कोणाला पटेना. थोड्याच काळात निघालेल्या सुधारित आवृत्तीत झिजेचा वेग खेळाडूच्या मर्जीवर सोडण्यात आला. झीज खोटी वाटली, की भीतीची जागा चीड घेते.

ह्याच्या उलट उदाहरण ‘फार क्राय २’ चे. क्लिंट हॉकिंग ह्यांच्या दिग्दर्शनाखाली कॅनडातील माँट्रियल येथे तयार झालेला हा खेळ २००८ साली आला. आफ्रिकेतील एका अनामिक देशातील यादवी युद्ध हा त्याचा विषय. नायकाला हिवतापाने गाठलेले असते. शत्रूच्या हातून पडलेली बंदूक उचलावी तर ती गंजकी, मळकी, आणि ऐन चकमकीत अडकणारी. नवी हवी तर दलालाकडून विकत घ्यावी लागते. बंदुकीचा गंज येथे डोळ्यांना दिसतो. जी उचलली ती केव्हातरी दगा देणार हे आधीच कळलेले असते. आणि ज्या देशात शस्त्रांचा व्यापार तेवढा भरभराटीत आहे तेथे जुन्या बंदुका दगा देतात, नव्यांना गिऱ्हाईक मिळते, हे त्या कथेशी जुळणारेच आहे. हा खेळ सर्वांना रुचला नाही. परंतु त्यातील झीज खोटी आहे असे म्हणता येणार नाही.

हजारो माणसे एकाच कल्पित जगात एकत्र वावरतात अशा खेळांत तर शस्त्राचे मोडणे हा केवळ रुचीचा प्रश्न राहत नाही. तो दुसऱ्याच्या पोटाचा प्रश्न होतो. सप्टेंबर १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू झाला. त्याच्या रचनाकारांची पहिली योजना अशी होती, की जगातील कच्चा माल ठरावीक असावा. वस्तू वापरून संपल्या, की तो माल पुन्हा जगात परतावा. प्रत्यक्षात खेळाडूंनी वस्तू वापरल्याच नाहीत, साठविल्या. पेट्या भरल्या, जग रिते झाले, आणि ती योजना सोडून द्यावी लागली. कसर आणि गंज लागणाऱ्या संपत्तीविषयी पर्वतावरील प्रवचनात सांगितले आहे; येथे उलट गंज लागत नव्हता हीच अडचण झाली.

जून २००३ मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ ने तो धडा घेतलेला होता. अल्टिमाच्या रचनेत वाटा असलेले राफ कॉस्टर हेच ह्या खेळाचे सूत्रधार. तेथे उत्तम वस्तू खेळाडू-कारागिरांनी घडवावयाच्या, आणि त्या वापराने झिजावयाच्या. झीज असल्यामुळे शिकारी पुन्हा शस्त्र घेण्यास यावयाचा, कारागिराचे दुकान चालावयाचे, चांगल्या कारागिराचे नाव दूरवर पसरावयाचे. तलवार उपसण्याची इच्छाच नसलेली कित्येक माणसे त्या जगात केवळ दुकानदार म्हणून नांदली. आपल्याकडे बलुतेदारीत गावच्या लोहाराला सुगीत धान्य मिळे ते काही एकदा फाळ घडविला म्हणून नव्हे. फाळ दरवर्षी झिजतो म्हणून. नोव्हेंबर २००५ मध्ये चालकांनी ह्या खेळाची रचना आमूलाग्र बदलली, लढाईला प्राधान्य दिले. कारागिरांचे महत्त्व ओसरले आणि जुन्या रहिवाशांपैकी पुष्कळजण निघून गेले. १५ डिसेंबर २०११ रोजी तो खेळ बंद झाला.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) ह्या त्याहून कितीतरी लोकप्रिय खेळातही चिलखत आणि शस्त्रे झिजतात. वीर लढाईत मेला तर त्यांचे आयुष्य दहा टक्क्यांनी घटते. पण दुरुस्तीचे पैसे कोणा कारागीर-खेळाडूच्या पदरी पडत नाहीत. ते यंत्रातील व्यापाऱ्याकडे जातात आणि नाहीसे होतात. जगात नाण्यांचा पूर येऊ नये ह्यासाठी ते आवश्यक असेलही. खेळाडूच्या दृष्टीने मात्र तो जकातनाका आहे. नाक्यावर पैसे टाकावे आणि पुढे जावे. त्यात विचार करण्यासारखे काही नाही.

बहुतेक खेळांत झिजेचा शेवटी असाच जकातनाका झाला, आणि म्हणूनच रचनाकारांनी ती एकेक करून टाकून दिली. बेथेस्डा कंपनीच्या ‘ऑब्लिव्हियन’ मध्ये (२००६) वीर खांद्यावरच्या पिशवीत दुरुस्तीचे हातोडे वाहत हिंडे. ‘स्कायरिम’ मध्ये (२०११) शस्त्राची झीज उरली नाही. ‘डार्क सोल्स २’ च्या संगणकावरील आवृत्तीत तर गंमतच झाली. झिजेचा हिशेब पडद्यावरील चित्रांच्या वेगाशी बांधलेला निघाला. ज्याच्या घरी यंत्र दुप्पट वेगाने चित्रे दाखवी त्याची तलवार दुप्पट वेगाने झिजे. २०१५ साली ही चूक दुरुस्त झाली. त्याच जपानी कंपनीच्या ‘एल्डन रिंग’ मध्ये (२०२२) तलवारी झिजतच नाहीत, आणि त्याबद्दल कोणी हळहळल्याचे दिसत नाही.

असे असताना निन्टेंडोने २०१७ साली ही कल्पना पुन्हा का उचलली? दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी ह्यांना असे जग हवे होते, की ज्यात वस्तूंचे गुणधर्म एकमेकांवर परिणाम करतील. लाकडी सोटा पेटतो. धातूची तलवार वादळात वीज ओढून घेते. फेकलेले शस्त्र, किंवा ज्या वाराने शस्त्र मोडते तो शेवटचा वार, दुप्पट जोराने बसतो. मोडणे हा अशा अनेक गुणांपैकी एक गुण. तलवार गेली, की खेळाडू भोवताली पाहतो: उतारावर धोंडा आहे, गवत वाळलेले आहे, शत्रूचाच भाला जमिनीवर पडला आहे. पहिले पंधरा-वीस तास ह्या योजनेचे चीज होते. ज्याच्या हाती काही नाही त्याला मोडण्याचे भय नसते.

पुढे मात्र थैली भरते, आणि तेथून तक्रार खरी ठरू लागते. उत्तम शस्त्रे हाती आल्यावर खेळाडू ती वापरीत नाही. मोठ्या लढाईसाठी म्हणून राखतो, आणि ती लढाई येते तेव्हाही काटकसर करतो. वाटेतील राक्षसाला टाळून जातो, कारण एक चांगली तलवार घालवून त्याहून हलकी पदरी पडणार असते. सामान्य तलवार सांधून देणारा लोहारही हायरूलमध्ये नाही. गंजलेले शस्त्र ओढून घेऊन ते नव्यासारखे करून परत थुंकणारा ऑक्टोरॉक नावाचा प्राणी ज्वालामुखीच्या परिसरात आढळतो, हाच काय तो त्या राज्याचा शिकलगार. जी ‘मास्टर सोर्ड’ ही तलवार मोडत नाही तीदेखील थकते आणि दहा मिनिटे विश्रांती घेते.

ह्या तक्रारीला रचनाकारांनी १२ मे २०२३ रोजी आलेल्या ‘टियर्स ऑफ द किंगडम’ मध्ये उत्तर दिले. झीज काढून टाकली नाही. उलट राज्यातील बहुतेक शस्त्रे आरंभीच क्षीण झालेली दाखविली, मास्टर सोर्डसुद्धा. मात्र कोणतीही वस्तू शस्त्राला जोडण्याची विद्या लिंकला दिली. काठीला धोंडा जोडावा, मोडक्या तलवारीला मारलेल्या राक्षसाचे शिंग. ज्या शत्रूवर तलवार खर्ची पडली त्याच्याच अंगातून पुढच्या तलवारीचे पाते मिळू लागले, आणि टाळून जाण्याचे कारण बरेचसे संपले. लोहार अजूनही नाही. खेळाडूच लोहार झाला.

‘फायर एम्ब्लेम’ ची गोष्ट याच सुमारास उलट दिशेने गेली. २०१५ च्या ‘फेट्स’ मध्ये तलवारींवरील मोजणी उठली होती; २०१९ च्या ‘थ्री हाउसेस’ मध्ये ती परत आली; आणि जानेवारी २०२३ मधील ‘एंगेज’ मध्ये पुन्हा गेली. तेथे तलवारी, भाले, कुऱ्हाडी आता कधीच संपत नाहीत. जखमी सैनिकांना बरे करणाऱ्या दंडावर मात्र तो जुना आकडा अजून लिहिलेला असतो.