खिशातील चाकू आणि पोलादाचे पाणी

आपल्या लोहार समाजातील चार माणसे एकत्र जमली आणि हत्याराची गोष्ट निघाली नाही, असे सहसा घडत नाही. गेल्या मेळाव्यात मात्र ती निराळ्याच वाटेने निघाली. उद्यमनगरात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने खिशात बाळगण्यासाठी मिटता चाकू घ्यावयाचे ठरविले होते, आणि ‘डी-२ घ्यावे की ४४० सी?’ असा प्रश्न त्याने वडीलधाऱ्यांपुढे टाकला. ज्यांच्या आजोबांनी भात्याजवळ जन्म काढला, त्या आम्हां मंडळींपैकी निम्म्यांना ही पोलादांची नावे आहेत हेही ठाऊक नव्हते. आम्हांस त्या दिवशी थोडी शरम वाटली, हे कबूल केले पाहिजे. म्हणून हा लेख.

कोल्हापूरला लोखंड परके नव्हते. विशाळगड, पन्हाळा, भुदरगड या बाजूच्या जांभ्या दगडात लोहखनिज आहे, आणि कोळशाच्या भट्ट्यांत ते गाळण्याचा उद्योग एके काळी येथे चालत असे. विलायती लोखंड स्वस्त येऊ लागले तसा तो एकोणिसाव्या शतकात बसला. परंतु अशा भट्टीतून निघे ते बहुधा नरम लोखंड. धारेचे पोलाद निराळे मिळवावे लागे. म्हणूनच गावचा लोहार कुऱ्हाडीचे अंग लोखंडाचे करी आणि तोंडाला तेवढे पोलाद घाली. मराठेशाहीतील नामांकित तलवारींपैकी अनेकींचीही हीच कथा आहे. ‘फिरंग’ हे नावच सांगते की पाते युरोपातून आलेले आणि मूठ तेवढी आपली. अभिमानाच्या भरात ही गोष्ट आपण विसरतो.

मग या देशात पोलाद होत नव्हते काय? होत होते, आणि त्या काळी जगात त्याला तोड नव्हती. तेलंगणातील कोनासमुद्रमसारख्या गावी बंद मुशीत लोखंड आणि झाडपाला घालून कित्येक तास आच देत व पोलादाची लहानशी वडी काढीत. इंग्रज त्यास ‘वुट्झ’ म्हणत. १७९४ साली मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या वड्या लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे धाडल्या. डॉ. जॉर्ज पिअरसन यांनी त्यांची परीक्षा करून १७९५ मध्ये निबंध वाचला. आणि अध्यक्षांच्या इच्छेवरून स्टोडार्ट नावाच्या कारागिराने त्या पोलादाचे काय घडविले असेल? तलवार नव्हे, खंजीर नव्हे. लेखणी तासावयाचा लहानसा चाकू! अंधारात जेमतेम लाली दिसेल एवढ्याच तावावर त्याने ते ठोकले, कारण त्याहून अधिक तापविले तर हे पोलाद फुटे. त्याची धार उत्तमांतल्या उत्तम पोलादी चाकूइतकी उतरली, असा निर्वाळा त्या निबंधात आहे. पुढे याच स्टोडार्टने मायकेल फॅरेडेबरोबर १८१९ च्या सुमारास वुट्झचा पुन्हा अभ्यास केला. आमचे पोलाद तिकडे शास्त्राचा विषय झाले, आणि इकडे ते करणाऱ्या भट्ट्या विझत गेल्या.

असा चाकू आपल्याकडेही कारकुनाच्या कलमदानात असेच. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील मोडी दप्तरे बोरूने लिहिलेली आहेत. बोरूचे टोक झिजले की ते पुन्हा तासावे लागे, आणि पाते बोथट असेल तर बोरू चिरफाळे. या चाकूच्या बाजारात शेफील्डचा शिरकाव झाला. तेथे १७४० नंतरच्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने कमानींसाठी बंद मुशीत पोलाद वितळविण्याची रीत बसविली होती. गंमत अशी, की शेफील्डच्या चाकूवाल्यांनी ते फार कडक म्हणून आधी नाकारले. फ्रान्समध्ये ते खपू लागले तेव्हा त्यांचे डोळे उघडले. जोसेफ रॉजर्सच्या चाकूंवरील तारा आणि क्रूस ही खूण पुढे हिंदुस्थानभर झाली. आमच्या लोहाराचा हात हलका होता म्हणून तो हरला, असे आम्हांस वाटत नाही. शंभरावा चाकू पहिल्यासारखाच निघावा, यासाठी लागणारे एकसारखे पोलाद त्याच्यापाशी नव्हते.

आज कोल्हापूरची कीर्ती आहे ती ओतकामाची, म्हणजे बिडाची. बीड आणि पोलाद यांत भेद कर्बाचा. नरम लोखंडात तो जवळजवळ नसतो, बिडात शेकडा ३ ते ४ असतो, आणि चाकूचे पोलाद साधारण अर्धा ते दीड टक्का या अरुंद पट्टीत बसते. जुन्या कानशीत तो एक टक्क्याच्या वर असतो, म्हणून तिचा चाकू कडक होतो. मोटारीच्या कमानपाट्यात अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, म्हणून त्याचा कोयता दणके सोसतो.

पण कर्ब पुरेसा असून भागत नाही. पोलाद लाल तापवून तेलात किंवा पाण्यात विझवावे लागते. यालाच आपण पाणी देणे म्हणतो. योग्य ताव आला की पोलादाला लोहचुंबक चिकटत नाही. हा सुमारे ७७० अंशांचा ताव. आजोबांजवळ चुंबक नव्हता. ते रंग पाहत, आणि तो दिसावा म्हणून लोहारशाळा अंधारी ठेवीत. विझविलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून ते पुन्हा हलकेच, गवती पिवळा रंग चढेपर्यंत, म्हणजे २०० ते २३० अंशांपर्यंत तापवावयाचे. रंग निळ्यावर गेला की ती कमान झाली, धार गेली. आमच्या वडिलांनी कानशीचा एक मिटता चाकू केला होता. लहानपणी तो चमकवावा म्हणून आम्ही ग्राइंडरवर धरला. ठिणग्या पाहत राहिलो, आणि बघता बघता टोक निळे पडले. वडील रागावले नाहीत. त्यांनी पाते मुठीतून काढले, भाता पेटविला आणि सगळे पहिल्यापासून केले. आम्हांस मात्र तोंडातून ब्र न काढता शेजारी बसविले. पाणी म्हणजे काय ते आम्ही त्या संध्याकाळी शिकलो.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. १९१३ साली शेफील्डमध्येच हॅरी ब्रेअर्ली याने पोलादात शेकडा १३ च्या आसपास क्रोमियम घालून न गंजणारे पोलाद काढले, आणि निवडीचा घोळ तेव्हापासून सुरू झाला. धार टिकणे, न मोडणे आणि न गंजणे हे तीन गुण एका पात्यात पुरतेपणी नांदत नाहीत. ४२० जातीत कर्ब कमी; ते गंजत नाही, निसण्यावर चार हात फिरविले की धार येते, पण लवकर जाते. ४४० सी मध्ये कर्ब सुमारे १ व क्रोमियम १७ टक्के; धार टिकते आणि गंजही दूर राहतो. डी-२ हे मुळात डाय करण्याचे पोलाद. कर्ब दीड, क्रोमियम १२ टक्के. धार पुष्कळ टिकते. पण क्रोमियमचा बराच भाग कर्बाशी बांधला गेल्यामुळे गगनबावड्याच्या पावसात त्यावर डाग पडतात, आणि धार लावताना हात दुखतो. २००१ पासून मिळणाऱ्या एस-३०-व्ही सारख्या भुकटीच्या पोलादाची धार त्याहूनही टिकते. मात्र किंमत आणि साध्या निसण्याला न जुमानणारा कडकपणा, दोन्ही पाहून आमच्या मते ते शौकिनांनी घ्यावे. उलट १८९७ पासून प्रसिद्ध असलेला स्विस चाकू पाहा. त्याच्या पात्याची कठिणता रॉकवेल मापाने ५६ च्या आसपासच ठेवतात, डी-२ ची ६० पर्यंत नेतात. फळ, सुतळी, पाकीट कापणाऱ्यास ५६ पुरे होते. डी-२ वाईट पाणी दिलेले असेल तर त्यापेक्षा नीट पाणी दिलेले ४२० बरे, हे आम्ही छातीठोकपणे सांगू. आणि पाणी कसे दिले आहे ते पात्यावर कोरलेले नसते.

पाते तीन इंचांहून मोठे घेऊ नये. शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला, घरगुती वा शेतीच्या कामाचे नसेल तर, परवान्याचे बंधन येते हे खरे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली बंदी हुकूम जारी असताना लहान चाकूही खिशात न ठेवणेच शहाणपणाचे. पाते उघडल्यावर बाजूस हलते काय, आणि मिटल्यावर धार पाठकमानीवर आपटते काय, एवढे दुकानातच पाहावे.

वडिलांचा चाकू आजही आमच्याकडे आहे. कैरी कापली की काळा पडतो, म्हणून पुसून तेलाचा हात लावावा लागतो. त्या तरुणाने अखेर ४४० सी घेतला. तीन महिन्यांनी तो धार लावून घ्यावयास आमच्याकडे आला, आणि परवा पुन्हा आला. निसणा मात्र त्याने अद्याप घेतलेला नाही.